दंतधावन : कावेरीकाठी आणि कृष्णाकाठी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



तमिळनाडूतील कुंभकोणम् शहराच्या नैऋत्येस सात-आठ किलोमीटरांवर पट्टीश्वरम् हे गाव आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची उपासना केली अशी आख्यायिका आहे. म्हणून देवाचे नाव धेनुपुरीश्वर. शैव संत ज्ञानसंबंधर हा बालकवी भर उन्हातून दर्शनाला येत असता शंकराने त्याच्या माथ्यावर मोत्यांचा मांडव धरविला आणि तो येताना नीट दिसावा म्हणून नंदींना बाजूस सरावयास सांगितले, अशी कथा तेथे सांगतात. आनी महिन्यात, म्हणजे साधारण ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास, या मोत्यांच्या मांडवाचा उत्सव आजही होतो. तमिळमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात आणि सुंदर दातांना 'मुत्तुप्पल्', म्हणजे मोतीदात. मराठीतही दातांना उपमा द्यावयाची ती मोत्यांची, फार तर कुंदकळ्यांची. दात दिसावेत कसे, याविषयी दोन्ही भाषांचे एकमत आहे. ते तसे राखावयाचे कसे, केव्हा घासावयाचे आणि कशाने, येथे मात्र वाटा वेगळ्या होतात आणि मध्येच अनपेक्षितपणे एकत्र येतात.

या दोन वाटा एकाच घरात पाहावयाच्या तर कुंभकोणम् आणि तंजावर यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापिले. ते 1855 पर्यंत टिकले. त्या राज्यासोबत कारकून, हरिदास, वैद्य, भिक्षुक, शिलेदार अशी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात गेली आणि तेथलीच झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 साली कुंभकोणम् येथलाच. या कुटुंबांनी घरात मराठी राखली, बाजारात तमिळ स्वीकारली. भाषेची अशी वाटणी उघड दिसते. सवयींची वाटणी इतकी उघड नसते. सकाळी उठून तोंड धुण्याची सवय तर इतकी खासगी की तिचा इतिहास कोणी लिहीत नाही.

कावेरीचे खोरे भाताचे. तेथे गिरणीबाहेर आणि पूर्वी उखळाजवळ भाताच्या तुसाचे ढीग पडत. तो तूस जाळून केलेल्या काळ्या भुकटीला 'उमिक्करि' म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तिने दात घासले गेले. देशावर भात कमी, गोवरी मुबलक. तेथे राखुंडी आली. गोवरीची राख, क्वचित बदामाच्या टरफलांची, हाताशी असेल तर त्यात चिमूटभर मीठ. जे चुलीत उरते ते दातांना, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. अलीकडे तोच कोळसा नळीत भरून, महागड्या वेष्टनात, 'चारकोल' या नावाने नातवंडांना विकला जातो, आणि आजीची राखुंडी मात्र अडाणीपणाची खूण ठरते. दंतवैद्यांचे म्हणणे दोघींनाही सारखेच लागू आहे : खरखरीत भुकटी रोज जोराने घासली तर दातावरचे लुकण, म्हणजे एनॅमल, झिजते आणि एकदा झिजलेले लुकण शरीर पुन्हा तयार करीत नाही.

काडीचे तसे नाही. वड आणि बाभूळ दातांना बळ देतात. चार आणि दोन वाणीला बळ देतात, अशा अर्थाची एक म्हण तमिळ मुलाच्या कानी लहानपणीच पडते. चार म्हणजे 'नालडियार'मधील चार चरणांची पद्ये आणि दोन म्हणजे 'कुरळ'मधील द्विपदी. दात आणि शब्द यांना एका श्वासात आणणारी ही म्हण मराठीत नाही; बाभळीची काडी मात्र आहे, कडुनिंबाचीही आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त काडीचे माप दिलेले आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीइतकी जाड, एका टोकाला चावून कुंचा केलेली. हिरड्या दुखावू नयेत असेही बजावलेले आहे. चरकसंहितेत जिभलीसाठी सोने, रुपे, तांबे, कथील, पितळ अशा धातूंची नावे येतात. जीभ घासण्याची ही रीत तमिळ आणि मराठी दोन्ही घरांत आजही सकाळच्या खाकरण्यासह शेजाऱ्यांना ऐकू जाते.

सातव्या शतकात नालंदेला राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग याला ही काडी इतकी महत्त्वाची वाटली की आपल्या ग्रंथात त्याने तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काडीने दात घासून चूळ भरल्याशिवाय कोणाला वंदन करू नये आणि कोणाचे वंदन स्वीकारू नये, असा तेथला नियम त्याने नोंदविला. काडी चावण्याच्या सवयीमुळे भारतात दातदुखी क्वचितच आढळते, असेही त्याने लिहिले. दातदुखीविषयीचे त्याचे निरीक्षण कितपत खरे मानावे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी वंदनाचा नियम फार बोलका आहे. दात घासणे हे येथे अन्नाचे कण काढण्यासाठी नव्हते. माणसासमोर किंवा देवासमोर उभे राहण्याची ती पात्रता होती.

धर्मशास्त्राने हीच रेघ पुढे ओढली. अमावास्या, प्रतिपदा, षष्ठी, नवमी अशा तिथींना आणि श्राद्धाच्या व उपवासाच्या दिवशी काडी वर्ज्य. त्या दिवशी बारा चुळा भराव्यात, असे सांगितले. आरोग्याचा विचार मुख्य असता तर तिथी पाहण्याचे कारण नव्हते. दंतधावन हा स्नानासारखा, संध्येसारखा विधी होता आणि विधीला तिथी असतेच.

मराठीतील उष्टे आणि तमिळमधील 'एच्चिल्' हे दोन शब्द येथे शेजारी ठेवून पाहावेत. 'एच्चिल्' म्हणजे लाळ, आणि लाळ लागलेले अन्नही 'एच्चिल्'च. म्हणून कुंभकोणम्‌कडच्या जुन्या घरात पाणी प्यावयाचे ते भांडे ओठांना न लावता, वरून धार धरून. मराठी घरातही उष्टे भांडे पाण्याच्या हंड्यात बुडत नाही, आणि जेवण झाले की हात धुऊन खळखळून चूळ भरल्याशिवाय उठणे असभ्य मानले जाते. दातांच्या दृष्टीने ही सवय मोलाची आहे. ज्या देशांत जेवणानंतर कागदी रुमालाने ओठ टिपून माणसे उठतात, तेथील मुलांना ती शिकवावी लागते.

याच उष्ट्यामुळे ब्रशचा प्रवेश मात्र सोपा झाला नाही. काडी एकदा वापरली की टाकून द्यावयाची. उलट ब्रश म्हणजे तोंडात घातलेली वस्तू धुऊन उद्या पुन्हा तोंडात घालावयाची, तीही महिनोन्‌महिने. त्यातून नायलॉनचे केस 1938 मध्ये बाजारात येईपर्यंत ब्रशला बहुधा डुकराचे केस असत. सोवळ्यातील आजीने नातवाचा ब्रश देवघराच्या आसपास फिरकू दिला नाही, तर तिच्या दृष्टीने ते पूर्णपणे सुसंगत होते. तडजोड निघाली ती बोटाने लावण्याच्या पुडीतून. म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे बी. व्ही. पंडित यांनी 1913 मध्ये सद्वैद्यशाळा काढली, आणि तिची गुलाबी दंतपुडी दक्षिणेत घरोघर गेली. तमिळमध्ये अशा पुडीला 'पल्पोडि' म्हणतात. मुंबईत माकडछाप काळी पावडर होती, आणि 1952 पासून पेंढरकरांचे विको होते. विकोच्या वज्रदंतीवर अबकारी कर आकारताना ते सौंदर्यप्रसाधन की औषध, हा वाद न्यायालयात गेला आणि कौल औषधाच्या बाजूने मिळाला. दंतमंजन दात शोभिवंत करण्यासाठी की निरोगी ठेवण्यासाठी, हा प्रश्न कर भरण्याच्या निमित्ताने का होईना, न्यायासनासमोर नीट मांडला गेला.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट मागे राहून गेली आहे, आणि पालकांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. भारतीय माणूस दात सकाळी घासतो. तमिळ घरात दात घासल्याशिवाय कॉफी नाही, मराठी घरात चहा नाही. तोंड न धुता खाणारे मूल दोन्हीकडे बोलणी खाते. शुद्धीचा विचार केला तर हे बरोबर आहे, कारण शुद्धी दिवसाच्या आरंभी हवी. किडीचे गणित वेगळे आहे. तोंडातील जंतू साखरेचे आणि पिठाचे आम्ल करतात, ते आम्ल लुकणातील खनिजे ओढून घेते, आणि लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन टाकते व गेलेली खनिजे परत बसविते. झोपेत लाळ फारच कमी पाझरते. म्हणजे रात्री दूध-साखर पिऊन, खीर किंवा बिस्किटे खाऊन मूल तसेच झोपले, तर संरक्षणाचा पहारेकरीच झोपलेला असतो. दिवसातून एकदाच दात घासावयाचे असतील तर ते रात्री घासावेत, असे दंतवैद्य सांगतात. आणि परंपरेने नेमका तोच एक वेळ मोकळा सोडला आहे. त्यात परंपरेचा दोष नाही. ज्या काळी परिष्कृत साखर सणासुदीलाच घरात येत असे, त्या काळच्या दातांना ती पुरेशी होती.

रात्रीचा ब्रश म्हणूनच उपदेशाने लागत नाही. सकाळच्या ब्रशला चहाचा आधार आहे, देवपूजेचा आहे, आजीच्या रागाचा आहे. रात्रीच्या ब्रशला कसलाच आधार नाही, फक्त भिंतीवरचे चित्र आहे. ज्या घरी झोपण्यापूर्वी शुभंकरोती किंवा गोष्ट हा नेम आहे, तेथे ब्रश त्याच्या आधी बसवून पाहावा. गोष्ट हवी असेल तर मूल स्वतःच ब्रश शोधून आणते. आणि गोष्टीनंतर दुधाचा पेला देऊ नये, हे मुलापेक्षा मोठ्यांनाच अधिक बजवावे लागते.

आता विड्याकडे वळावे लागेल, कारण कुंभकोणम्‌चे नाव घेतले आणि पानाचे घेतले नाही असे होत नाही. कावेरीकाठची कोवळी 'वेट्रिलै' नावाजलेली. लग्नात, बारशात, देवळात आणि पाहुण्याच्या निरोपात विडा हवाच. तो मुखशुद्धी म्हणून दिला जातो, आणि मराठीत 'विडा उचलणे' म्हणजे पण करणे. पानाने रंगलेले तोंड संपन्नतेची खूण होती. शुभ्र दात हाच सौंदर्याचा एकमेव निकष नव्हता, हे आज लक्षात ठेवणे कठीण जाते.

महाराष्ट्रात तर दात मुद्दाम काळे केले जात. जुन्या मराठीत 'दातवण' म्हणजे दात काळे करण्याचे द्रव्य; हिरडा आणि हिराकस ही त्यातील मुख्य सामग्री. कुंकू आणि काजळ यांच्याबरोबर सवाष्णीच्या शृंगारात त्याची गणना होई, आणि वैधव्य आले की तेही सुटे. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की काळी शाई होते. पूर्वीच्या शाळेतील दौतीतही हीच जोडी असे. जपानमध्ये 'ओहागुरो' नावाने जवळजवळ हीच क्रिया विवाहित स्त्रिया करीत. 1870 मध्ये सरकारने सरदार घराण्यांना ती बंद करण्यास सांगितले, आणि 1873 मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आल्या. त्यानंतर फॅशन पालटली. गंमत अशी की तुरट द्रव्य आणि लोह यांचा तो थर दातांचे काही अंशी रक्षण करीत असे, असे मत पुढे अभ्यासकांनी मांडले. आजच्या डोळ्यांना ओंगळ वाटणारी रीत दाताला मानवत होती.

आणि जी रीत दात 'साफ' करते म्हणून टिकली, तीच घातक निघाली. मिश्री, म्हणजे मशेरी, ही तव्यावर करपवून कुटलेली तंबाखू. महाराष्ट्रातील खेड्यांतून आणि मुंबईच्या चाळींतून हजारो बायका सकाळी ती लावून दात घासतात. दाढ दुखते म्हणून सासू सुनेला देते, आई मुलीला देते. दुखणे थांबते, कारण तंबाखू बधिरपणा आणते. आणि मग दिवसातून दोनदा, चारदा, मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही. व्यसन म्हणून कोणी तिला ओळखत नाही, कारण बिडी ओढणाऱ्या बाईला गाव नावे ठेवते आणि मशेरी लावणारी बाई फक्त तोंड धूत असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी 1960 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली तेव्हा ही सवय किती खोल रुजलेली आहे हे कागदावर आले. गर्भारपणातही ती सुटत नाही, आणि तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी 21.4 टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. विड्याचीही सुटका झालेली नाही : तंबाखू न घातलेला सुपारीचा विडादेखील कर्करोगजनक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केला. निरोपाचे पान आणि सुपारी हातात देणे आणि ती रोज दहा वेळा गालात धरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संस्कृती म्हणून खुशाल जपावी. दुसरीने आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड उघडेनासे होते, आणि पुढे काय होते ते परळच्या टाटा रुग्णालयात एक फेरी मारल्यास दिसते.

तंजावरच्या मराठ्यांनी या बाबतीत एक चांगला पायंडा घालून दिला होता. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्यांना युरोपीय वैद्यकाच्या जाणकारांसोबत बसविले. नेत्ररुग्णांची टिपणे चित्रांसह काढून ठेवविली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यात बांधवून घेतले. औषध कोणत्या परंपरेचे, यापेक्षा रुग्णाला गुण आला की नाही हे तेथे लिहिले जात होते. उमिक्करि, काडी, मशेरी, चूळ आणि ब्रश यांच्या बाबतीत याच वहीची गरज होती.

परदेशांत दातांविषयीच्या कल्पना आणखी निराळ्या. बालीत वयात येताना वरचे सहा दात विधिपूर्वक किंचित घासून सपाट करतात. ते सहा दात म्हणजे षड्रिपू, अशी तेथील हिंदूंची समजूत. जपानी तरुणांना थोडा पुढे आलेला सुळा गोड वाटतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मात्र मुलाच्या बाराव्या वर्षी दातांना तारा बसल्या नाहीत तर आईवडिलांनी हयगय केली असे शेजारी समजतात. तेच मूल सुटीत आजोळी आले की 'एवढ्याशा पोराच्या तोंडात लोखंड कशाला' म्हणून आजी हळहळते. दोघांचेही प्रेमच, फक्त दात कशासाठी असतात याची उत्तरे निरनिराळी.

दुधाच्या दातांविषयी मात्र जगभर मौज आहे. कोकणात आणि देशावर पडलेला दात कौलांवर फेकतात किंवा उंदराच्या बिळात टाकतात, उंदराने आपल्यासारखा तीक्ष्ण दात द्यावा म्हणून. दक्षिणेत काही घरी तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर जातो. स्पेनमध्येही उंदीरच. 1894 च्या सुमारास लुईस कोलोमा या लेखकाने आठ वर्षांच्या राजाचा दात पडला तेव्हा त्याच्यासाठी पेरेझ उंदराची गोष्ट लिहिली. मराठी घरात वरचा दात आधी आला तर मामाला जड, ही समजूत. 'काश्यपसंहिते'त दात येण्यावर स्वतंत्र अध्यायच आहे, आणि दात येण्याच्या क्रमावरून शुभाशुभ पाहण्याची सवय त्या काळाइतकी जुनी आहे. मामाने चांदीची वाटी देऊन सुटका करून घ्यावी. त्याने कोणाचे बिघडत नाही.

बिघडते ते 'दुधाचेच आहेत, पडणारच आहेत' या वाक्याने. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. किडून लवकर गेल्या तर खालच्या कायमच्या दाताची जागा शेजारचे दात बळकावतात. त्याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. त्या वयात पहिली कायमची दाढ सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, मुकाट्याने उगवते. दात पडला नाही म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात, आणि आयुष्यभर चावण्याचे मुख्य काम करणारी दाढ पहिलीच्या वर्गात किडू लागते. पहिलीच्या मुलाचे तोंड उजेडात उघडून, चारही कोपऱ्यांत सर्वांत मागे काय आले आहे ते पाहावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण. 'दातांच्या कण्या करणे', 'दातखीळ बसणे', 'दातओठ खाणे' अशी मराठी दाताला राबविते. हसणाऱ्या मुलीला 'दात काढू नकोस' म्हणते. आणि वय झाले की दात जाणारच हे निमूटपणे मानते. तमिळ माणूसही दात काढण्याला नाखूषच. पण तेथे 'पल्' गेला की 'सोल्' गेला, म्हणजे दात गेला की शब्द गेला, अशा अर्थाची म्हण आहे. शाळेत वर्णमाला पाठ केलेल्यांना तिचे मर्म सांगावे लागत नाही. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण. 'चमचा' आणि 'जहाज' यांतील मराठीचे खास च आणि ज हेही दातांच्या आधाराने उमटतात. पुढचे दात गेलेल्या आजोबांचा 'च' आधी घरंगळतो, मग फोनवर नातवंडांना 'काय म्हणालात?' असे दोनदा विचारावे लागते, मग आजोबा फोन आजीकडे देऊ लागतात. डॉ. आर. अहमद यांनी कलकत्त्यात 1920 साली देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे 1933 मध्ये आणि मद्रासचे 1953 मध्ये सुरू झाले. आज जिल्ह्याच्या ठिकाणी कवळी सहज मिळते. पुष्कळ वृद्ध ती करवून घेतात आणि डबीत ठेवून देतात, कारण सुनेसमोर ती काढावी-घालावी लागते. कवळी टोचत असेल तर ती घासून नीट बसवून देता येते, आणि नवी कवळी घालून आठवडाभर रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले की त, द, च पुन्हा जागेवर येतात.